खाटेवरची टकटक

पालघरच्या धर्मादाय रुग्णालयातली वॉर्डची मावशी उमरोळीची. कुठल्याही खाटेजवळ जाताना ती आधी लोखंडी दांडीवर टकटक करते, "येऊ का?" विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. खाटेला कसलं आलंय दार, म्हणून आम्ही फळं वाटायला जाणाऱ्या बायका हसायचो.

एका शनिवारी पिशवी देता देता मी प्रत्येकीला विचारत होते, "फोटो काढू ना?" सगळ्या मान हलवत होत्या. मावशी फरशी पुसता पुसता म्हणाली, "ताई, हातात पिशवी हाय तोवर नाय कोण बोलेल? उद्या मोकळ्या हाताने येऊन विचारा."

मला राग आला. तिला खोटं पाडायलाच मी दुसऱ्या दिवशी मोकळ्या हाताने गेले आणि पुन्हा विचारलं. काल मान हलवलेल्या, दातिवरे गावच्या एका बाईने पदर तोंडावर ओढला.

"कालचा फोटो पुसा, ताई. मी इथे हाय ते गावात कोणाला म्हायती नाय."

मी तिच्यासमोर पुसला. तिला हायसं वाटलं. फोटो आदल्या संध्याकाळीच आमच्या ग्रुपवर गेला होता, आणि त्या ग्रुपवर दातिवऱ्याच्याही दोघी आहेत, हे मी बोलले नाही.

शेजारच्या खाटेवर टकटक करून मावशी उत्तराची वाट पाहत उभी होती.