वीतभर बाजूला

मी रागीट माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. आणि तरीही आयुष्यात ज्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग आला, त्याच्यापुढे मी दोन वर्षं पाठ करून मुकाट बसलो होतो. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. समोर असताना मी त्याला भाऊजी म्हणायचो, अहो-जाहो करायचो. इथे मात्र मी त्याला 'तो'च म्हणणार आहे.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता. माझे वडील साचेखात्यात मागावर होते, ते घरी बसले. तोही गिरणीतच होता, तोही घरी बसला. फरक एवढाच की त्याला ट्रम्पेट वाजवता यायचा. मी तेव्हा एका ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत होतो. ऑर्केस्ट्रा म्हणजे आपला गणपती-नवरात्रातला, सिनेमाची गाणी सादर करणारा. घाटकोपर, मुलुंड, भांडुप, कधी बोरीवली, जिथे मांडव तिथे आम्ही. ताईसाठी म्हणून मीच मालकाला सांगून त्याला तिथे चिकटवला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसं झालं.

मांडवातलं स्टेज म्हणजे पिंपांवर टाकलेल्या फळ्या. त्यावर गाणारे, ढोलकी, तबला, ड्रम, अकॉर्डियन, आणि बाजूला माणूसभर उंचीचे स्पीकर. व्हायोलिनवाले पुढे खुर्च्यांवर आणि ट्रम्पेटवाला आमच्या मागे उभा. त्याच्या ट्रम्पेटचं तोंड थेट माझ्या उजव्या कानामागे यायचं, मध्ये हातभरही जागा नाही. नाचाचं गाणं सुरू झालं की तो असा काही फुंकायचा की माझे दात शिवशिवायचे. लोकांना ते फार आवडायचं. शिट्ट्या पडायच्या, चिल्लर उडायची, दोन गटांत मारामारी व्हायची, कोणीतरी खुर्ची फेकायचं. भांडुपला एकदा सोडा वॉटरची बाटली फुटून काचा आमच्या पायांशी आल्या, तरी मालक म्हणाला वाजवत राहा. आम्ही वाजवत राहिलो.

पहिल्या वर्षी कार्यक्रम संपला की कानात शीळ वाजायची आणि सकाळपर्यंत जायची. दुसऱ्या वर्षी ती जायची बंद झाली. मग व्हायोलिनच्या सगळ्यात वरच्या तारेचा आवाज मला मंद वाटू लागला. मला वाटलं तार खराब आहे. मी तार बदलली, गज बदलला, आणि आवाज येईना म्हणून जोर लावून घासू लागलो. अंधेरीला एका शाळेच्या हॉलमध्ये आमची तालीम असायची. तिथे मालक सगळ्यांसमोर म्हणाला की तुझी वरची तार मांजर चिरडल्यासारखी किंचाळते. मला ती किंचाळी ऐकूच येत नव्हती. त्या दिवशी मी खरा घाबरलो.

आमच्या घरात कान जाणं हा आजार नव्हताच. साच्यांच्या खडखडाटात वडिलांचे दोन्ही कान कधीच गेले होते. ते ओठ वाचायचे आणि हातांनी बोलायचे, आणि त्यांच्या खात्यातले सगळेच तसे. म्हणून माझंही कोणाला काही वाटलं नाही. मीच म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरने माझ्या कानाजवळ लोखंडी चिमटा वाजवून पाहिला आणि माझा धंदा विचारला. मग त्याने समजावलं की कानाच्या आत जे मरतं ते पुन्हा उगवत नाही. आवाज जितका मोठा आणि जितका जवळ, तितका कमी वेळ तो कानाला सोसतो, आणि ट्रम्पेट इतक्या जवळ असेल तर फारच थोडा. कारखान्यात निदान कागदावर तरी आवाजाची हद्द असते, तुमच्या मांडवात तीही नाही, असं म्हणून तो हसला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. शेवटी म्हणाला, खुर्ची बदला, नाहीतर कानात कापूस घाला, नाहीतर मागच्याला तोंड वीतभर बाजूला वळवायला सांगा.

खुर्ची बदलायला मालक तयार नव्हता. माइक तिथे आहे, जागा तिथे आहे, नसेल जमत तर दुसरा बघतो, एवढंच तो म्हणाला. तेव्हा मुलुंडच्या कार्यक्रमाला मी कापूस घालून बसलो.

त्याने तो पहिल्याच गाण्यात पाहिला. गाणं संपल्यावर मागून बोट घालून माझ्या कानातला बोळा उपसून काढला आणि सगळ्या वादकांना दाखवला.

"मेलायस काय रे? कापूस मढ्याच्या कानात घालतात."

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कापूस घातला, मलाही हट्ट होताच. त्या आठवड्यात ताई घरी आली, तिचा डावा गाल काळानिळा. नळावर पाय घसरला म्हणाली. आईने खोबरेल लावलं आणि काही विचारलं नाही. पुढच्या कार्यक्रमाआधी चहा पिताना तो माझ्याजवळ आला आणि अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं बोलला.

"तू चार लोकांत कानात बोळे घालतोस ना, त्याचा हिशेब घरी होतो."

मी कापूस काढला. माझ्या हातात कटिंगचा ग्लास होता, तो त्याच्या डोळ्यात खुपसावा असं मनात आलं, पण मी कापूस काढला. घरी आईला सगळं सांगितलं. आई कणकवलीकडची, घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत जन्म गेला तरी बोलणं मालवणीच.

"जावयाक उलट बोलाचा नाय. आपला चेडू तेंच्या घरात नांदता."

यावर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. जावई दारू पिऊन आला तर पाट-पाणी, शिव्या देत आला तरी पाट-पाणी. त्याला 'जरा सरका' म्हणायचं म्हणजे मुलीचा संसार मोडायचा. मग मी हिशेब मांडला. एका बाजूला माझा उजवा कान, दुसऱ्या बाजूला ताईचा गाल. त्यानंतर ताई जेव्हा जेव्हा घरी आली तेव्हा तिचा चेहरा स्वच्छ होता. मला वाटलं, जमलं. कान जातोय तर जाऊ दे, बहीण तरी सुखात आहे. त्या पूर्ण मोसमात मी ट्रम्पेट झेलला. गाण्यामागून गाणं, कानात खिळ्यामागून खिळा.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे आणि दिवा द्यायचा, हे आलंच. आईने उसनंपासनं करून तूप आणलं, पुरणाचे धोंडे केले. तो पाटावर बसला, शेजारी वडील, आणि वाढायला मी. ताई पडद्याआड चुलीशी तळत होती, आई तिच्या शेजारी. तो माझ्या उजव्या हाताला होता. त्याने पाणी मागितलं असावं. मला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा मागितलं, मी आमटी वाढत पुढे गेलो. तेव्हा त्याने फुलपात्र भिंतीवर फेकलं.

वडिलांनी भिंतीवरून ओघळणारं पाणी पाहिलं आणि ते जेवायचे थांबले.

"जावयाला पाणी द्यायला कमीपणा वाटतो काय रे तुला?" तो म्हणाला.

मग मात्र मी बोललो. आवाज चढवला नाही.

"भाऊजी, मला ऐकू आलं नाही. माझा उजवा कान गेलाय, तुमच्या ट्रम्पेटने. यंदा तोंड वीतभर बाजूला वळवा, एवढंच मागणं आहे."

तो उठला. मोरीत हात धुतला, टॉवेलला पुसला. मला वाटलं निघून जाईल. तो पडदा सारून आत गेला आणि उघड्या पंजाने ताईच्या कानफटात मारली. एवढी जोरात की मला, माझ्या फुटक्या कानालासुद्धा, ती ऐकू आली. ताई कढईवरच पडायची, ती भिंतीवर पडली. 'हे तुझ्या भावाच्या कानाचं', असं तो तिला म्हणाला. ताई कानावर हात दाबून आईकडे बघत होती आणि ऐकू येत नाही, ऐकू येत नाही, एवढंच म्हणत होती.

आईच्या हातात भरलेला पितळी तांब्या होता. तो तिने दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडावर मारला. तो वाकला, तेव्हा तिने पुन्हा मारला.

"माजी दोनय पोरां भयरी केलंस, मेल्या."

जन्मात पहिल्यांदा तिने जावयाला अरे-तुरे केलं. त्याचे वरचे पुढचे दोन दात अनारशांच्या ताटात पडले. ओठ नाकापर्यंत फाटला होता. तोवर मी त्याची मान धरली होती आणि त्याचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटत होतो. वडील दाराला पाठ लावून उभे राहिले, कोणाला आत येऊ देईनात. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांनाच उचलून बाजूला केलं आणि मला सोडवलं. मला त्या वेळी फार आनंद झाला होता. तो आनंद मी आजही कोणापासून लपवत नाही. पुढचे दात नसताना ट्रम्पेट वाजत नाही हे मला माहीत होतं, आणि रक्ताळलेल्या तोंडाने बाहेर पडताना त्यालाही ते कळलं होतं.

ताई परत गेली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला त्याच हॉस्पिटलात, त्याच डॉक्टरकडे नेलं. त्याने तिच्या डाव्या कानात पाहिलं. पडद्याला भोक पडलंय, म्हणाला, पाणी जाऊ देऊ नका, बहुतेक आपोआप भरून येईल. मग माझी ओळख पटून त्याने माझाही कान तपासला. माझ्या कानाबद्दल त्याने ताईसमोर फक्त मान हलवली. वरच्या सुरांसाठी डावा कान जपा, असं म्हणाला.

औषधासाठी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बाक माणसांनी भरलेला, कोणी खोकतंय, कोणाचं पोर रडतंय. ताई माझ्या उजवीकडे बसली होती. मार खाताना ती रडली नव्हती, ती आता रडायला लागली. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं तर तू कापूस का काढलास, असं तिने विचारलं. मी तिला चहाच्या वेळचं ते बोलणं सांगितलं. तुझ्यासाठीच काढला, म्हणालो, आणि नंतर तुझा चेहरा नीट दिसायचा, म्हणजे उपयोग झाला ना.

तिचे ओठ हलले. बोलली ती खाली मान घालून, हळू. मला कळलं नाही. मी काय म्हणालीस असं विचारत डोकं वळवून डावा कान तिच्याकडे केला, तरी त्या गोंगाटात काही पोचेना. तेव्हा तिने डोळे पुसले, तोंड वर केलं, आणि त्या भरल्या बाकावर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा सांगितलं.

"कापूस काढल्यावरही रोज मारायचा. वळ जाईपर्यंत मी घरी यायचे नाही."