सुरयांची वाळू

आमच्या वावरातून गिरणा नदीत उतरणारी वाट मी अडवली, त्याला आता काही वर्षं झाली. गावात कुणी नवीन माणूस आलं की अजूनही मला लांबून दाखवतात, ट्रॅक्टर अडवणारी ती हीच. त्या सांगण्यात कौतुक नसतं, ते मला कळतं. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा अडवीन, हेही त्यांना कळतं.

मी मूळची जळगावची. मेहरूण तलावापासून आमचं घर चालत जाण्याइतकं जवळ. कॉलेजात असताना रविवारी सकाळी तलावावर पक्षी बघणाऱ्यांचा एक गट जमायचा, त्यात मी जायला लागले. कुठला पक्षी दिसला, किती दिसले, काय करत होते, हे टिपून ठेवायची सवय तिथेच लागली. लग्न होऊन भडगावजवळच्या या गावात आले तेव्हा सामानात दुर्बीण होती. ती बघून सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी विचारलं, "हाई काय शे?" मी त्यांच्या डोळ्याला लावून दिली. त्यांनी समोरच्या घराच्या ओट्यावर कोण बसलंय ते नीट पाहून घेतलं आणि "चांगली शे" म्हणून परत केली.

नवरा धुळ्याला नोकरीला. शनिवारी येतो, रविवारी रात्री जातो. मी इथल्याच माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळा अकराला भरते, त्यामुळे सकाळ माझी असते. सुरुवातीला बाई एकटीच नदीकडे जाते म्हणून लोक बघायचे. कुणी म्हणे, देवाचं काही करते. कुणी म्हणे, फोनवर बोलायला जाते. मी जात राहिले. लोक बघून बघून थकले.

आमचं एक वावर अगदी नदीच्या काठावर आहे. अक्कांना त्यांच्या वडिलांनी दिलेलं. त्याच्या बांधावरून खाली उतरलं की गिरणेचं पात्र लागतं. उन्हाळ्यात पाणी एका बाजूला सरकतं आणि मधे वाळूचं लांबट बेट उघडं पडतं. त्या बेटावर मला नदीसुरय सापडले. राखाडी अंगाचा, काळ्या टोपीचा, पिवळ्याजर्द चोचीचा पक्षी. शेपटी दुभंगलेली. पाण्यावरून जाताना तो इतका हलका उडतो की हातातलं काम थांबतं. घरटं म्हणजे नुसता वाळूतला खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची ठिपक्यांची अंडी. दुपारी ऊन तापलं की पक्षी पाण्यावर जाऊन पोट भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले.

मी बेटावर पाय ठेवत नसे. काठावरच्या बाभळीखाली बसून दुर्बिणीतून बघायचं आणि मोबाईलवर नोंद पाठवायची, एवढंच काम. देशभरात माझ्यासारखी हजारो माणसं अशा नोंदी करतात. त्या एकत्र झाल्या की कुठला पक्षी कुठे कमी होतोय ते कळतं. आमच्या भागातून नदीसुरयाची नोंद करणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. मी नोंद केली नाही तर ते इथे नव्हतेच, असं धरलं जाणार. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मग एका मार्चमध्ये ट्रॅक्टर आले. सकाळी वावरात पोचले तर बांध फोडून चाकोरी पडलेली, कांद्याच्या दोन सऱ्या चिरडलेल्या आणि बेटाच्या अलीकडच्या टोकाला मोठा खड्डा. वर सुरयांचा थवा ओरडत घिरट्या घालत होता. मी प्रथमच बेटावर गेले. चाकाच्या खुणेत पिवळा बलक वाळूत मुरलेला होता. त्याच्या शेजारी एक पक्षी उतरला, दोन पावलं चालला, परत उडाला, परत तिथेच उतरला.

वाळू नेणारा कुणी परका नव्हता. आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा सख्खा पुतण्या. घरात सगळे त्याला भाऊच म्हणतात. मी तशीच त्याच्या घरी गेले. तो अंगणात चहा पीत होता.

"भाऊ, आपल्या वावरातून वाळू कुणाला विचारून नेताय?"

"आबाले मी इचारं ना. ते हो बोलनात."

"नदीत पक्ष्यांची घरटी आहेत. चाकाखाली अंडी फुटलीत."

तो हसला नाही. समजावल्यासारखं म्हणाला, "वहिनी, पाखरं शेतस ती. उडी जातीन दुसरीकडे."

"अंडी कशी उडतील?"

त्याने कप खाली ठेवला. "नदी बठ्ठास्नी शे, सगळ्या गावाची. तुम्ही शाळा सांभाळा."

वाळू उपसायची त्याच्याकडे परवानगी नव्हती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी तालुक्याला जाऊन तक्रार दिली. ती घेतली गेली. बघू म्हणाले. ट्रॅक्टर येत राहिले.

एका संध्याकाळी जेवताना मी आबांसमोर विषय काढला. आबा माणूस वाईट नाही. पण भावाच्या मुलाला नाही म्हणणं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

"आबा, त्याला वाट देऊ नका. दीड-दोन महिने तरी. पिल्लं उडेपर्यंत."

"पाखरांसाठी मी घरच्या माणसाशी वाकडं घेऊ?"

"कांदाही गेलाय."

"कांदा माझा गेला. मी बघून घेईन." त्यांनी ताटातलं भाकरीचं शेवटचं टोक मोडलं. "बठ्ठी नदी काय तुनी शे का?"

"माझी नाही. त्याचीही नाही."

सुनेने असं उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. आबा हात धुऊन उठून गेले. अक्का चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी भाजी झाकली आणि मला एकच विचारलं, "त्यानी बांध फोडा का?" मी हो म्हटलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाभळीच्या काट्या तोडून वाटेवर टाकल्या. हात सोलवटले. सकाळी त्या काट्या बाजूला फेकलेल्या होत्या आणि खड्डा वाढला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काट्या निर्जीव असतात, त्यांना कुणीही उचलू शकतं. आता मला स्वतःलाच तिथे उभं राहावं लागणार.

पुढच्या पहाटे मी फुटलेल्या बांधाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. भीती वाटत नव्हती असं नाही. मी एक पाय मातीच्या ढेकळावर घट्ट रोवला. झुंजूमुंजू झालं तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज आला. चालवणारा गावातलाच ओळखीचा. त्याने अगदी जवळ येऊन ब्रेक लावला.

"ताई, बाजूले व्हा."

"नाही होणार."

"मन्हं काम शे हाई. भाऊनी धाडं."

"मग त्यांना बोलवा."

मागे आणखी दोन ट्रॅक्टर येऊन थांबले. इंजिनं चालूच होती. त्याने गिअर टाकून ट्रॅक्टर हातभर पुढे आणला. पुढच्या चाकाच्या रबराचा वास मला येत होता. मी सरकले नाही. तो मनाने वाईट नसावा, कारण त्याने लगेच इंजिन बंद केलं आणि फोन लावला.

भाऊ मोटारसायकलवर आला. त्याच्या मागोमाग आबाही आले, चालत, धाप लागलेले. आजूबाजूच्या वावरातली चार माणसं जमली. भाऊ आबांकडे बघून म्हणाला, "सांगा तिले. तुमचं वावर, तुम्ही वाट दिन्ही."

आबा माझ्याकडे आले. "चल घरी. तमाशा पुरे झाला."

"मी घरी येते आबा. ट्रॅक्टर आधी जाऊ द्या."

आबांचा चेहरा लाल झाला. इतक्यात माणसांच्या मागून अक्का आल्या. हातात शेण भरलेली पाटी तशीच. गोठ्यातून सरळ निघाल्या असाव्यात. त्या कुणाशी न बोलता फुटलेल्या बांधापर्यंत गेल्या, चिरडलेला कांदा पायाने उलटा करून पाहिला आणि मग पुतण्याकडे वळल्या.

"वावर कोनं शे?"

त्याने आबांकडे पाहिलं.

"कोनं शे, सांग ना."

"तुमनं शे काकू."

"मन्हा बापनं दिन्हं. मले इचारं का कोनी?" त्यांनी पाटी वाटेच्या मधोमध ठेवली. "बांध भरी दे. मंग बोल."

आबांना चाळीसेक वर्षांच्या संसारात अक्का चारचौघांत अशा बोललेल्या आठवत नसाव्यात. ते नदीकडे तोंड करून उभे राहिले. काकूला उलट बोलायची भाऊची तयारी नव्हती, त्याने ट्रॅक्टरवाल्यांना मागे फिरायची खूण केली. ट्रॅक्टर मागे घेताना शेवटचा बांधाच्या कडेला अडकला, त्याला काढायला बराच वेळ गेला. तोवर अक्का तिथून हलल्या नाहीत.

परतताना मी त्यांना म्हटलं, "अक्का, तुमच्यामुळे सुरय वाचले."

त्या म्हणाल्या, "तुन्हा पाखरंस्साठे नही उनू मी." आणि गोठ्याकडे वळल्या.

शनिवारी नवरा आला. गोष्ट त्याला धुळ्यातच कळली होती. "मला आधी विचारायचं ना," तो म्हणाला. मी म्हटलं, "विचारलं असतं तर तू थांब म्हणाला असतास." त्यावर तो म्हणाला, "म्हणालो असतो." दुसऱ्या दिवशी शेजारच्या वावरात पाइपलाइनसाठी जेसीबी आला होता. नवऱ्याने चालकाला सांगून आमच्या वाटेवर आडवा चर खणून घेतला. माझ्या बाजूने तो बोलला नाही, पण चर खोल खणला.

आबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. लागेल ते अक्कांमार्फत सांगायचे. भाऊच्या घरातल्या मुलीच्या लग्नाचं आवतन आम्हाला आलं नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर एप्रिलमध्ये नदीवरच्या धरणातून पाणी सुटलं. खालच्या गावांना पिण्यासाठी उन्हाळ्यात ते सोडावंच लागतं, त्याबद्दल माझं भांडण नाही. मी सकाळी गेले तर बेट नव्हतंच. गढूळ पाणी काठाला लागून वाहत होतं. सुरय पाण्यावर त्याच जागी घिरट्या घालत होते, जिथे अंडी होती. मी बाभळीखाली बसले आणि नोंद केली. घरटी शून्य. ते शून्य टाइप करायला बोट उठत नव्हतं.

त्याच दिवशी भाऊ रस्त्यात भेटला. "वहिनी, आते पाणीले आडवा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पाण्याला अंडी दिसत नाहीत. तुम्हाला मी सांगितलं होतं."

आठवड्याभराने पाणी ओसरलं. बेटाचा वरचा, उंचवट्याचा भाग आधी उघडा पडला. मी रोज जात होते, कशासाठी ते मला सांगता आलं नसतं. एका सकाळी त्या ओल्या वाळूत एक सुरय पोट घासून खळगा करताना दिसला. मग दुसरा. त्यांनी पुन्हा अंडी घातली. ट्रॅक्टरांनी उपसायला सुरुवात केली होती ती बाजू खचून गेली होती. तेवढा उंचवटाच शिल्लक होता, आणि वाट तशीच चालू राहिली असती तर तोही उरला नसता. मे महिन्याच्या भाजणाऱ्या उन्हात मी छत्री घेऊन बसायचे. कुत्री आली की ओरडून हाकलायची. पिल्लं वाळूला चिकटून पडायची, हलली तरच दिसायची. मेअखेरीस त्यातलं पहिलं पिल्लू वाऱ्यावर उचललं गेलं, कसंबसं पाण्यापर्यंत गेलं आणि धपकन परत वाळूत बसलं. मी एकटीच होते, तरी मोठ्याने हसले.

भाऊ आता खालच्या गावाकडून वाळू काढतो. तिथलं मला थांबवता आलेलं नाही, आणि ते मी विसरतही नाही. दर उन्हाळ्यापूर्वी मी पाटबंधारे कार्यालयात अर्ज देते, की पाणी सोडण्याची तारीख आधी कळवा, शक्य असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. उत्तर येत नाही. तिथला कारकून मला बघितलं की न विचारताच पोचपावतीचा शिक्का पुढे ओढतो. गेल्या वर्षी तो म्हणाला, "मॅडम, काही होणार नाही यातून."

"ठीक आहे," मी म्हटलं, "तुम्ही शिक्का मारा."