आबांचा आवाज आणि ट्रॅक्टरची बॅटरी

आमच्या आबांच्या आवाजाची मलकापूर-कराडच्या पंचक्रोशीत कुणाला ओळख करून द्यावी लागत नसे. जत्रांच्या कुस्ती मैदानांत ते निवेदन करत. माईक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे, उलट ते खुलत. कुठल्या पैलवानाचा आजा कुठल्या तालमीतला, कुणी कुणाला कसं चितपट केलं, सगळं तोंडपाठ. हाच माणूस घरात पाऊल टाकलं की मुका. आईशी त्यांचं बोलणं म्हणजे "पाणी दे" आणि "भाकरी वाढ". हजारो माणसांपुढे तासन्‌तास बोलणाऱ्याला बायकोपुढे एक वाक्य धड येत नसे. मला याचा लहानपणापासून राग होता. तो अजून गेलेला नाही.

तंबाखूने त्यांचा घसा खाल्ला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, जगायचं असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा थोरला भाऊ, दादा, पुण्यात कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीत होता. त्याच्या डोक्यात आलं की आबांचा आवाज निदान जपून ठेवावा. तो ऑफिसचा लॅपटॉप मागून घेऊन आला. लॅपटॉपात जागा शिल्लक नव्हती, म्हणून सोबत एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. काळा डबा, पोथीएवढा. त्याला स्वतःची बॅटरी नव्हती. लॅपटॉपला कीबोर्ड जोडायचं जे भोक असतं, त्यातून एक बारीक वायर डब्यात जायची आणि डबा त्या विजेवर फिरायचा. दादा म्हणायचा, "घरजावई आहे तो. सासऱ्याच्या जिवावर जगतो."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात आबा आम्हा दोघा बहीणभावांशी बोलले. मला म्हणाले, जीभ जरा आवर. मग त्यांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं, आईलासुद्धा. कुठलं बटण दाबायचं ते दाखवून दादाही बाहेर आला. दार बराच वेळ लोटलेलं होतं. उघडलं तेव्हा आबा फरशीकडे बघत आईला म्हणाले, "तुज्यासाठी बोललोय. घरला गेल्याव ऐक."

आई लाजली. या वयात, त्या फिनेलच्या वासात, नवी नवरी लाजावी तशी.

ऑपरेशन झालं. आबा वाचले. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर पांढरं फडकं आलं आणि उशाला पाटी-पेन्सिल आली. दादाला रजा नव्हती, तो सगळं सामान घेऊन पुण्याला गेला. जत्रेला येतो तेव्हा ऐकवतो, म्हणाला. आईने ते महिने कसे काढले ते मी पाहिलंय. दादाच्या प्रत्येक फोनला ती एवढंच विचारायची की डबा नीट आहे ना.

जत्रेला दादा आला आणि भर दुपारी लाईट गेली. आई हात-पाय धुऊन पुढच्या सोप्यात येऊन बसली होती. आबा खाटेवर. दादाने लॅपटॉप सुरू केला, तो सुरूही झाला, पण डबा टक्‌ टक्‌ करून गप्प बसला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दादा म्हणाला, लॅपटॉप स्वतःच बॅटरीवर आहे, डब्याला पोसण्याइतकी ताकद त्याच्यात नाही, लाईट येऊ दे. आई वरच्या बल्बकडे बघत राहिली.

ते आमच्या तात्यांना, म्हणजे चुलत्यांना, बघवलं नाही. तात्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे आमच्या गल्लीचं वीज मंडळ. लाईट गेली की क्रिकेटची मॅच तिच्यावर, सिनेमा तिच्यावर, लग्नातला स्पीकरसुद्धा तिच्यावर. ते बॅटरी खांद्यावर घेऊनच आले. डब्याच्या कडेला वेगळी वीज द्यायची एक बारीक गोल खोबण होती. तिचा अ‍ॅडॉप्टर पुण्यात राहिला होता, आणि डब्याला किती व्होल्ट लागतात ते त्या अ‍ॅडॉप्टरवरच लिहिलेलं होतं. दादाने तेवढं सांगून पाहिलं.

"आरं, आख्खा टीव्ही चालतोय हिच्याव," तात्या म्हणाले. "ह्ये डबडं चालंना व्हय?"

दादाने तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण दादा कॉम्प्युटर विकायचा, उघडायचा नाही, आणि समोर आईचा चेहरा होता. जुन्या रेडिओची पिन तोडून वायर जोडली. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. आतलं काहीतरी गरगर फिरायला लागलं. आई पुढे सरकली. आणि करपल्याचा वास आला.

दादाने वायर उपसली तोवर सगळं संपलं होतं. बॅटरीवरच्या त्या टीव्हीला बारा व्होल्ट लागतात, बॅटरी तेवढेच देते. त्या डब्याला पाचच पुरत होते.

दादाने डबा दुरुस्तीला पुण्याला नेला. तात्या आमच्या घरी यायचे बंद झाले. महिन्याभराने दादाचा फोन आला की आतून काही निघत नाही. आईला ते मी सांगितलं. ती ज्वारी निवडत होती, निवडतच राहिली.

आबांनी ऐकलं. त्यांनी पाटी ओढली आणि बारीक अक्षरात लिहायला घेतलं. पाटी भरली तशी ती आईपुढे धरली. आईला वाचता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही. मी पुढे झाले.

"तू नगं वाचू," आई म्हणाली. "तुज्या तोंडनं आलं की ते तुजं हुतंय."

तिने पदराने पाटी पुसली. मी शब्दही पाहिला नाही. मग ती खाटेला टेकून अगदी आबांच्या तोंडासमोर बसली.

"आवं, तोंडानं बोला."

आबांचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. गळ्यातून नुसती हवा फुसफुसत होती आणि फडकं हलत होतं. ते थोडक्यात आवरणारं बोलणं नव्हतं. आई डोळ्याचं पातं न लववता त्यांच्या ओठांकडे बघत होती. शेवटी ते थांबले.

"एक अक्षर कळलं न्हाई मला," आई म्हणाली.

आबांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.