हुद्द्याची कोरी जागा

शिक्षणानं माणसाला आपण कोण आहोत याचं ज्ञान होतं. बी.ए.चा निकाल लागला त्या उन्हाळ्यात मलाही ते झालं. मी बी.ए. होतो. त्यापलीकडं काही सुचत नव्हतं.

पोलीस ॲक्शन होऊन जुनं उर्दू राज्य गेलं, त्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. माझं शिक्षण पाचवीपर्यंत उर्दूत झालं, मग शाळेची पाटी बदलली आणि मराठीत झालं, आणि कॉलेजात इंग्रजीत. तिन्ही भाषांत मला अर्ज करता येत होता. कशासाठी करायचा, हे एकीतही सांगता येत नव्हतं. विषय तत्त्वज्ञान घेतला होता, कारण त्याचे तास सकाळी असत आणि दुपारी सायकल भावाला लागे.

गुलमंडीच्या चौकात कुणीही भेटला की विचारायचा, "काय, पुढं काय?" ज्याला जे आवडेल ते मी सांगत असे. मामा वकील होते, त्यांना वकिली सांगितली. शेजारी मास्तर राहत, त्यांना मास्तरकी सांगितली. दुर्दैवानं ही मंडळी एकमेकांच्या ओळखीची होती. एका मुंजीच्या पंगतीत मामांनी मला काळा कोट चढवला, आणि त्याच वेळी पलीकडच्या पाटावरून मास्तरांनी मला कन्नड गावच्या शाळेत नेऊन बसवलं. सगळी पंगत माझ्याकडं बघू लागली. मी जिलबीकडं बघितलं.

हा आळस होता असं आजही मला वाटत नाही. दुपारी पडल्या पडल्या मी मनातल्या मनात वकील होऊन बघायचो. कोट अंगावर नीट बसायचा, पण बोलायची वेळ आली की मामांचा आवाज निघायचा. मास्तर होऊन बघायचो, तर वर्गातली पोरं मला विचारायची, "सर, तुम्हाला व्हायचं काय होतं?" कोणत्याही दारातून आत गेलं तरी मी बाहेरच उभा.

वडिलांना विचारावं, तर ते सल्ला देत नसत. ते कोर्टात कारकून होते. वीस वर्षं उर्दू कागद लिहून त्यांचं अक्षर असं झालं होतं की त्या काळचे मुन्सफ ते एकमेकांना दाखवत. मग एके दिवशी कचेरीची भाषा बदलली. पंचेचाळिसाव्या वर्षी ते माझ्या धाकट्या बहिणीच्या कित्त्यात 'ज्ञ' गिरवायला बसले. त्यांनीच माझ्या थोरल्या भावाला एकदा बजावलं होतं, "उर्दू पक्की कर, जन्माची चिंता मिटेल." त्यानं केली. तेव्हापासून वडील कुणाला काही बजावत नसत.

शेवटी जूनमध्ये ते म्हणाले, "चल, अर्ज तर लिहून घेऊ."

कलेक्टर कचेरीबाहेर लिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसत. आयुष्यभर त्यांनी लोकांचे अर्ज उर्दूत लिहिले होते, आता मराठीत लिहीत. अर्जातला 'फिदवी' जाऊन 'आज्ञाधारक' आला होता; कमरेतून वाकणं तेवढंच राहिलं होतं.

"मियाँ, पोराचा अर्ज आहे. नोकरीचा."

"जरूर, पंडतजी. बेटे, कौनसी नौकरी होना?"

"तेच ठरत नाही," मी म्हणालो.

म्हाताऱ्यांना बरं वाटलेलं दिसलं. "अच्छा है ना. ठरवून येणारे भोत तकलीफ देते. जगा खाली छोड देतूँ. साहब भर लेते."

वडिलांनी मान डोलावली. जुन्या राज्यात तशीच रीत होती. माणसानं सेवा मागायची, हुद्दा मागायचा नाही. तो साहेबांनी आपल्या हातानं लिहायचा. आपण होऊन हुद्दा सांगणं म्हणजे पाहुण्यानं पानावर बसल्यावर भाजी सांगण्यासारखं. तेव्हा अर्जात 'सरकार ज्या कामी योग्य समजेल त्या कामी' असं आलं आणि हुद्द्याची जागा कोरी राहिली. त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदाच हलकं वाटलं. मी कोण, हे कुणीतरी पगारी माणूस ठरवणार होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच अर्ज द्यायला गेलो. अर्ज घेण्याचा तो शेवटचा दिवस. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि खिडकीत पुण्याकडून आलेले एक कारकून होते. त्यांनी अर्जावर बोट ठेवलं.

"पद कोरं आहे."

"ते साहेब भरतील."

"कोणते साहेब?"

हे मी वडिलांना विचारलं नव्हतं.

"इथं साहेब लोकांचे अर्ज भरत नाहीत. पद लिहा. एक वाजता खिडकी बंद होईल."

त्यांनी टाक पुढं केला. घड्याळात एकला दहा मिनिटं होती. मी टाक दौतीत बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. चार वर्षांत वाचलेला एकही तत्त्ववेत्ता मदतीला आला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "आवो भाऊ, लिव्हा की! लेकराचं नाव ठिवायलाव का?" सगळी रांग हसली.

माझ्या लगेच मागं पिशोरचा एक टोपीवाला तरुण उभा होता. त्याच्या हातातल्या अर्जावर ठळक लिहिलं होतं: कंपाउंडर, गुरांचा दवाखाना, पिशोर. परीक्षेत मी कधी शेजाऱ्याचं बघून लिहिलं नव्हतं, कारण शेजाऱ्याला माझ्याइतकंच येत असे. याला मात्र येत होतं. मी 'क' काढला.

"माझं बगून लिवायलाव का?"

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "हो."

"गुरातलं कळतं का काही?"

"नाही."

"मंग? ती जागा माझी हाय. दहा वर्सांपून डोळा ठिवलाय तिच्यावर." मग माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. "तितं कारकुनाची बी एक हाय. कुणी जायना, लई लांब पडतं म्हणत्यात. तुमी शिकलेले दिसताव. 'क' तर काढलाच हाय, तेच टाका."

मी लिहिलं. खिडकीतल्या गृहस्थांनी न वाचता शिक्का मारला.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "दिला?"

"दिला. पण हुद्दा मलाच लिहावा लागला."

त्यांना ते रुचलं नाही. ते पंच्याच्या टोकानं चष्मा पुसू लागले.

"काय लिहिलंस?"

"कारकून. गुरांच्या दवाखान्यात. पिशोरला."

"तुला व्हायचं होतं ते?"

"माहीत नाही."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "बरं," ते म्हणाले. "मलाही कोर्टात जायचं होतं की नाही, ते आठवत नाही."

नेमणुकीचा कागद दिवाळीआधी आला. कंपाउंडरची जागा त्या टोपीवाल्याला मिळाली. माझी नेमणूक हंगामी होती, 'पुढील आदेश होईपर्यंत'. हे मला सोयीचं वाटलं. वर्षभर करून बघावं आणि तेवढ्यात आपल्याला खरं काय व्हायचंय ते शांतपणे ठरवावं, असा माझा विचार होता. पुढील आदेश आला आणि मी कायम झालो, तेव्हा माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.