गोठ्यातला नवा डबा

यंदाच्या दिवाळीला आमच्या कारखान्यानं मिठाईच्या पुड्याऐवजी प्रत्येकाला एकेक ब्लूटूथ स्पीकर दिला. कुपवाडमध्ये शेजारच्या कारखान्यात स्टीलचे डबे वाटले होते, त्यामुळे आमची छाती उगाचच फुगली. मी स्पीकरचं खोकं सांगलीच्या खोलीवर उघडलंसुद्धा नाही. गाडीच्या मागं बांधलं, बायकोला बसवलं आणि थेट शिराळ्याकडं, गावी निघालो. तो स्पीकर आईच्या गोठ्यात वाजणार हे माझं हातात पडल्या पडल्याच ठरलं होतं.

आईचा जुना प्लेअर मेमरी कार्डावर चालणारा, लाल रंगाचा, नागपंचमीच्या जत्रेत घेतलेला. मागचं झाकण हरवलेलं, बॅटरी रबरबँडनं बांधलेली. आवाज असा, की गाणारा माणूस पत्र्याच्या पिंपात बसून गातोय. घरात त्याला डबाच म्हणायचे. आई धार काढायला बसली की तो खुंटीला टांगायची आणि मोठ्यानं लावायची. गाण्याशिवाय आमची म्हैस पान्हवत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. वडील फौजेतून रिटायर झालेले. गाण्याबिण्याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. धारेच्या वेळी ते गोठ्याच्या भिंतीला टेकून बाहेरच्या दगडावर चहा पीत बसायचे, एवढाच काय तो त्यांचा संबंध.

मी जुन्या डब्यातलं कार्ड काढून नव्यात घातलं आणि दारात आलेल्या भंगारवाल्याला जुना देऊन टाकला. वडील म्हणाले, चालत होता की, कशाला दिलास. फौजेतली माणसं चिंधीसुद्धा टाकत नाहीत, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी धारेला आम्ही सगळे गोठ्यात हजर. बटण दाबलं तशी स्पीकरमधून एक बाई इंग्रजीत काहीतरी ठणकावून बोलली. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि भदाभदा शेण टाकलं. मग गाणं सुरू झालं. तबल्याची थाप न् थाप मोजून घ्यावी इतकं स्वच्छ! आई म्हणाली, लय ग्वाड हाय, आणि तिनं कासेला हात घातला. दूध आलं नाही.

सकाळीही तेच. रेडकू लावलं की चार धारा सोडायची, आई बसली की बंद. पेंड वाढवून पाहिली, पाठीवरून हात फिरवून पाहिला. गाणी तीच, म्हैस तीच, धार काढणारी तीच, आणि कास भरलेली असून म्हैस पान्हा चोरते म्हणजे काय? वडिलांनी सगळं खापर त्या इंग्रजी बाईवर फोडलं. मग मी बटण घरातच दाबायचं, बाईला तिथंच बोलू द्यायचं आणि गाणं सुरू झालेला स्पीकर गोठ्यात न्यायचा असा शहाणपणा केला. म्हैस ढिम्म. शेजारच्या काकांनी पान्हा सोडवायची सुई टोचायचा सल्ला दिला. आईनं त्यांना दुसऱ्यांदा तो शब्द काढू दिला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवताना वडील म्हणाले, हेडीला सांगितलंय. हेडी म्हणजे जनावरांची खरेदी-विक्री करून देणारा दलाल. सणासुदीला लक्ष्मी दारातून घालवायची नाही, म्हणून तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. पान्हा चोरणाऱ्या म्हशीला नुसती वैरण घालत बसणं परवडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नव्हतं. आईनं हातातला घास ताटात ठेवला. ही म्हैस जन्मली तेव्हा तिची आई मेली होती, आणि माझ्या आईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पाडव्याला तिची शिंगं रंगवायला आणलेला रंग कोनाड्यात तसाच होता. मला पुढचं जेवण गेलं नाही.

पाडव्याला आईनं म्हशीला धुतलं, शिंगं लाल केली, गळ्यात गोंडे बांधले. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, यंदा म्हस लय देखणी दिसती. आई हसली खरी, पण तिचे डोळे भरलेले मला दिसले.

संध्याकाळी धारेला मी नेहमीसारखा स्पीकर घेऊन आत उभा राहिलो. आईनं बादली गुडघ्यात धरली आणि म्हशीकडं बघतच म्हणाली, "तू भाईर जा. सुनंलाबी घिऊन जा. आनि जाताना त्येचा आवाज वाढव."

मी वाढवला.

"समदा वाढव रं."

समदा वाढवला तसा गोठ्याचा पत्रा थडथडायला लागला. गाण्यातलं एक अक्षर कळेना. मी कानावर हात ठेवून बाहेर आलो. वडील दगडावर चहा घेऊन बसले होते. मी त्यांच्याजवळ भिंतीला टेकलो, आणि मग मला त्या थडथडाटातून दुसरा एक आवाज आला. जाड, थोडा चिरका, तालाच्या जरा मागून येणारा, पण काय मजेत! आई गात होती. हळदीला चार बायका ओढून बसवतात तेव्हाही जी तोंड उघडत नाही, आरतीला नुसत्या टाळ्या वाजवते, ती माझी आई मोकळ्या गळ्यानं गात होती.

"आई गाती?" मी विचारलं.

"तुला आत्ता कळलं व्हय?" वडील कपात बघत म्हणाले. "ह्या दगडावर मी चा प्यायला बसतोय व्हय इतकी वर्सं?"

तेवढ्यात बादलीत पहिली धार वाजली. मग दुसरी. मग बादली भरत आल्यावर येतो तसा फेसाळ आवाज. बायकोनं माझा हात घट्ट धरला. मला इतका आनंद झाला, की मी भिंतीला टेकून खुळ्यासारखा हसत राहिलो. म्हशीला डब्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती पान्हवायची आईच्या गाण्याला, आणि आई गायची ती डब्याच्या खरखरीच्या आडोशाला. मी असला स्वच्छ स्पीकर आणून तो आडोसाच काढून घेतला होता. वर बघायला म्हणून सगळं घर गोठ्यात उभं केलं होतं.

वडिलांनी तिथंच खिशातून मोबाइल काढला आणि हेडीला सांगितलं, येऊ नगंस, म्हस इकायची न्हाई. त्यानं कारण विचारलं असणार. वडील म्हणाले, कारन काय, शिंगं आत्ताच रंगवल्यात.

भाऊबीजेच्या सकाळी ते मला म्हणाले, त्या नव्या डब्याचा आवाज जरा कमी करता येतो का बघ, हिचं ऐकू येत नाही. मी म्हणालो, कमी केला तर ती गायचीच नाही. ते उठले. मग घरातून हातोडी आणली आणि गोठ्याच्या पलीकडच्या भिंतीत, दगडापासून लांब, नवी खुंटी ठोकली. आईनं विचारलं, आवं, हितं काय झालं हुतं खुंटीला? वडील म्हणाले, हितं कोळिष्टकं हुत्यात.

आईनं जुन्या खुंटीकडं पाहिलं. तिथं कोळ्याचं जाळं नव्हतं. मग तिनं भिंतीपलीकडच्या दगडाकडं पाहिलं, आणि मग वडिलांकडं. ते हातोडी ठेवायला घाईघाईनं घरात निघून गेले. तिनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी मला कुपवाडला कामावर परत जायचं होतं. सकाळची धार होईपर्यंत मी थांबलो. आईनं स्पीकर नव्या खुंटीला टांगला, इंग्रजी बाईला बोलू दिलं, म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग खाली बसायच्या आधी हात वर करून तिनं आवाज आपणच कमी केला.