जादाची टाळी

“तोंड बंद ठेवा, मॅडम. पोरं बिघडतील.”

भरल्या वर्गात मुख्याध्यापक मला असं म्हणाले. नवीन जालन्यातली इंग्रजी शाळा. मी नवी होते, चौथीला इंग्रजी जोडशब्द शिकवत होते. तिथली रीत अशी की शब्द तोडायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी वाजवायची. स्कूल-बॅग. दोन टाळ्या. माझ्या तोंडून आलं, इस्कूल-बॅग. तीन.

सरांनी तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला. पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. तिसरी टाळी वाजली आणि वर्ग खदाखदा हसला. मग सरांनी हळूच विचारलं, “बदनापूरकडून येता ना? गावात नेमकं कुठं राहता?”

त्यांना ठाऊक होतं. बौद्धवाड्यात. हे सांगायची लाज मला कधीच वाटली नव्हती. त्या दिवशी मात्र आवाज फुटला नाही. त्याचा संताप अजून आहे.

दुसऱ्या दिवशी परिपाठात नवा नियम आला. ज्याची टाळी जादा, त्यानं तोंडावर हात ठेवून उभं राहायचं. शाळा हळूहळू मुकी होत गेली. खेड्यांतून जीपनं येणारी पोरं मधल्या सुट्टीतही बोलेनाशी झाली. आणि मी? मी एसटीत ओठ हलवत स्कूल, स्कूल घोकत होते.

आज परिपाठात सरांनी प्रज्ञाला माइकपुढं बोलावलं. ती माझ्या वर्गातली, आमच्याच वाड्यातली. शब्द तोच. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि एक अक्षरही न बोलता आपणहून तोंडावर हात ठेवला.

“शाब्बास,” सर म्हणाले. “मॅडम, हिला कोपऱ्यात उभी करा.”

नोकरी कच्ची. तरी पुढं गेले. तिचा हात तोंडावरून खाली घेतला. माइक ओढला.

“इस्कूलबॅग.” तिन्ही टाळ्या मीच वाजवल्या.

“उद्यापासून येऊ नका,” सर म्हणाले.

“यीन सर. बराबर यीन.”

परतताना एसटीत प्रज्ञानं विचारलं, “मावशी, उद्या काय व्हईल?”

“ठाऊक न्हाई.”

खोटा धीर मी तिला दिला नाही. उद्या फाटकाला कुलूप असेल. कदाचित पोलीसही असतील. असू देत. मी फाटकाबाहेर उभी राहीन आणि जीपमधून उतरणाऱ्या प्रत्येक पोराला शब्द म्हणायला लावीन. त्याच्या तोंडी येईल तसा. मोठ्यानं. आता तोंडावर हात जाणार नाही. त्यांचा नाही, माझाही नाही.