हौदातलं लोणचं

त्या मे महिन्यात मी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, गॅलरीत जाऊन नाक वर करून उभी राहायचे. वास येतोय का, येत असला तर किती, आणि वारा सोसायटीच्या अध्यक्षांच्या फ्लॅटकडे वाहतोय का, एवढं कळलं की मग आधण ठेवायचं. नवरा पेपरातून मान वर न काढता विचारायचा, "वेधशाळेचा काय अंदाज?" माझ्या जिवाला घोर लागलेला आणि याला विनोद सुचतायत, म्हणून मी उत्तरच देत नसे.

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या मागे विटांचा एक हौद आहे. सगळ्या घरांचा ओला कचरा त्यात पडतो. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा. वर सुकी पानं पसरायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं, बाकीचं काम गांडुळं करतात. सुका कचरा रोज येणाऱ्या बायका वेगळा नेतात; त्यातला कागद, पत्रा, प्लॅस्टिक पुन्हा कारखान्यात जातं. मग महापालिकेच्या कचरागाडीत टाकायला उरतं ते एवढंसं. हौद बांधला तेव्हा सभेत "जबाबदारी कोण घेणार?" असं विचारल्यावर सगळ्यांनी एकदम मोबाइलमध्ये डोकी घातली आणि माझा एकटीचा हात वर राहिला. दोन वर्षं सगळं गुण्यागोविंदाने चाललं. चहाच्या पावडरीसारखं काळंभोर खत निघायचं आणि सगळ्यांच्या कुंड्यांना पुरून उरायचं. मग त्या मे महिन्यात हौदाला अचानक आंबूस, डोकं उठवणारा वास यायला लागला.

लिफ्टशेजारच्या फळ्यावर कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "खतप्रकल्पाचा सुगंध ज्यांना प्रिय आहे त्यांनी तो आपापल्या घरी न्यावा. आमची हरकत नाही." त्याच्याच खाली सभेची सूचना लागली होती. रविवारी सकाळी, विषय पहिला, हौद बंद करून ओला कचरा गाडीत देणे.  त्यात पावसाळा तोंडावर. हौदात पाणी गेलं की वास दुप्पट होणार.

कचऱ्यापायी ही बाई एवढं का मनाला लावून घेतेय, असं लोकांना वाटत असणार. दारात गाडी येते, कचरा घेऊन जाते. पण गाडी कुठे जाते ते मला माहीत आहे. माझं माहेर शहराच्या दुसऱ्या टोकाला, कचऱ्याच्या डेपोला लागून आहे. माझ्या लहानपणी तिथे ज्वारी होती. आता कचऱ्याचा डोंगर आहे आणि उन्हाळ्यात तो आतल्या आत धुमसतो. कोरडा कागद नुसता पडून राहतो, पण आपलं उष्टं, आपल्या भाज्या त्या ढिगाखाली सडतात, त्याचं काळं पाणी होतं आणि जमिनीत मुरतं. हे मी कुठे वाचलेलं नाही, आमच्या विहिरीत पाहिलेलं आहे. जे पाणी पिऊन मी वाढले त्याला आता पिवळा रंग आहे, वहिनी त्यात धुणंसुद्धा धूत नाही. प्यायला टँकर येतो. थोरला भाऊ, माझा दादा, हसत हसत म्हणतो, "लोकांच्या लेकी म्हायेरी येताना पेढं आणत्यात. आमची ट्रक भरून धाडती!" मीही हसते. पण विहीर पिवळी झाली तेव्हापासून केळ्याचं साल गाडीत गेलेलं मला सहन होत नाही.

सभा आठवड्यावर आली तेव्हा मी हातमोजे घालून हौद उकरला. वरचा थर बाजूला केला. आत लालभडक तेल सुटलं होतं. त्यात मोहरीची डाळ, काळ्या पडलेल्या लिंबाच्या फोडी, कैरीच्या फोडी. लोणचं! आणि तेही वाटीभर नव्हे, बरण्याच्या बरण्या. गांडुळं त्या मिठापासून लांब पळायला भिंती चढू पाहत होती. बरीच मेली होती. मी तिथेच कठड्यावर बसले आणि मला रडू आलं. गांडुळांसाठी रडणारी बाई कुणी पाहिली असती तर फळ्यावर आणखी एक सूचना लागली असती.

उलगडा तळमजल्यावरच्या काकूंनी केला, तोही अगदी आनंदाने. काकूंचा सगळा संसार शनिवार पेठेत झाला, आता मुलाकडे असतात. हौद सुरू झाल्यापासून एक देठ कधी चुकीच्या बादलीत टाकलेलं नाही, अशी बाई. मी नुसतं विचारलं, "काकू, यंदाचं लोणचं घातलंत का?"

"घातलं की. जुन्या बरण्या रिकाम्या केल्या आधी. अहो, सून म्हणते बीपी वाढतं, कुणी खात नाही, तीन वर्षांचं साचलं होतं. अन्न कचऱ्यात टाकायला हात धजेना. मग म्हटलं, आपला हौद आहे! मातीत गेलं की टाकल्याचं पाप नाही. भजनाला येणाऱ्या सगळ्यांना सांगितलं मी."

सगळ्यांना! दर उन्हाळ्यात नव्या लोणच्याआधी घरोघरी जुन्या बरण्या निघतात. कुणाचाही ते फेकायला जीव होत नाही, मागच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून राहतात. माझ्या हौदाने त्यांची कित्येक वर्षांची अडचण सोडवली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी महिनाभर वाऱ्याची दिशा बघत बसले होते.

कारण कळल्यावर काळजी कमी व्हायला हवी होती, ती वाढलीच. भजनाच्या या बायका म्हणजेच माझी मतं. बाकी सोसायटीला हौद असला काय, नसला काय. सभेत लोणच्याचं नाव काढलं तर त्या दुखावणार, आणि नाही काढलं तर हौद बंद होणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी उन्हाळ्यामुळे वास येतो असं भाषण मनात रचलं, भांडी घासताना घोकलं, आणि दादाला फोन केला.

"मीठ घातलंय व्हय गांडुळांना? मग कशी जगत्याल? वरचं समदं काढून टाक. माझ्या जुन्या शेणखतात लई हाईत, रविवारी घिऊन येतो," तो म्हणाला.

वरचं सगळं मी काढलं आणि त्यावर सुक्या पानांची पोती रिकामी केली. रविवारी सकाळी दादाला आणायला स्वारगेटला गेले. खांद्यावर ओलं पोतं घेऊन तो बसमधून उतरला. रिक्षावाल्याने पोत्याकडे बघून विचारलं, "काय आहे यात?" मी म्हटलं, "गांडुळं." त्याने थंडपणे सांगितलं, "सांडू देऊ नका. उतरताना मोजून घ्या." त्याही अवस्थेत मला हसू आलं. घरी जायला वेळच नव्हता, आम्ही थेट पार्किंगमध्ये, सभेत पोचलो. दादा पोतं खुर्चीखाली ठेवून मागे बसला.

अध्यक्ष माणूस वाईट नाहीत. ते म्हणाले, "मॅडमच्या कष्टांबद्दल आपल्या सर्वांना आदर आहे. पण गाडी दारात येते. एकदा कचरा गाडीत गेला की विषय संपला." दोन-चार माना हलल्या. मागे वळून दादाकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. मी उभी राहिले.  उन्हाळ्याचं भाषण तोंडाशी आलं आणि तिथेच अडलं.

"वास लोणच्याचा आहे," मी म्हटलं. "मिठाने गांडुळं मेली. लोणचं, पापड, खारवलेलं काही हौदात जायला नको, बाकी हौदात काही दोष नाही. आणि विषय संपत नाही. गाडी माझ्या माहेरी जाते. आमच्या विहिरीचं पाणी पिता येत नाही." एवढंच. मी खाली बसले.

 मग काकूंचा आवाज आला, बारीक झालेला. "म्हणजे माझ्या लोणच्याने मेली?"

"मिठाने, काकू."

 काकू सुनेकडे वळल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "हौद राहू दे. लोणचं मी खाईन, बीपीसकट." सगळे हसले, आणि भजनाचे हात एकेक करून वर गेले. ठरलं असं, की दिवाळीपर्यंत मुदत. तोवर पुन्हा वास आला तर सभा न घेता हौद बंद. मला आनंद झाला खरा, पण दिवाळीपर्यंत रोज सकाळी गॅलरीत उभं राहायचं हे त्याच क्षणी कळलं.

सभेनंतर आम्ही दोघांनी हौदात शेणखत पसरलं. गांडुळं पानांखाली शिरली, तेवढ्याने मला जरा बरं वाटलं. मग वर घरी आलो. दादा जेवला, दोनदा आमटी मागून घेतली. निघताना त्याने पिशवीतून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या काढल्या आणि ओट्यावर ओळीने ठेवल्या.

"तायडे, येवढ्या भरून दे," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला चहापुरतं. टँकरच्या पाण्याचा चहा तिला गोड लागंना."

माझं लग्न झाल्यावर वडील आमच्याकडे यायचे तेव्हा पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, म्हणून विहिरीचं पाणी घरून बाटलीत भरून आणायचे आणि बाहेरच्या खोलीत बसून तेच प्यायचे. मला राग यायचा. दादालाही ते आठवत असणार, कारण तो माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता. मी नळ सोडला आणि एकेक बाटली गळ्यापर्यंत भरून त्याच्या हातात दिली.